पाव्हणीला घेऊन या

बाई, माणूस मेलं म्हणजे मढं पाहिजे. मढं बघितल्याशिवाय मी कुणाच्या मरणावर विश्वास ठेवत नाही. आमच्या गल्लीतल्या एकाची पलटणीतून तार आली होती. बायकोनं बांगड्या फोडल्या, घरानं सुतक पाळलं, आणि पुढच्या सुगीला तो डोक्यावर ट्रंक घेऊन दारात उभा. तेव्हापासून माझा असा स्वभाव झाला आहे.

म्हणून तुमची बातमी आष्ट्यात आली तशी मी एस.टी. धरून सांगलीला आले. तुमच्या खोलीवर तुमच्या वाईच्या बहीण होत्या. चटईवर दोन बायका गप्प बसल्या होत्या. दिवा नव्हता, अस्थींचं मडकं नव्हतं. मी विचारलं, "बाई कुटं हायत?" बहीण म्हणाल्या, "कॉलेजात नेलंय तिला." मी म्हटलं, "मग धुगधुगी हाय म्हना की अजून!" त्या तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मग कोपऱ्यातली तुमची शिकाऊ डॉक्टरीण उठली आणि मला जिन्यापाशी घेऊन गेली. म्हणाली, "आक्का, बाई गेल्याच. त्यांनी देह मेडिकल कॉलेजला दिला, पोरांना शिकायला. तसं सांगून ठेवलं होतं सगळ्यांना."

मला नव्हतं सांगितलं. आणि ज्या एका माणसाला सांगायला पाहिजे होतं ते मी होते. कारण तुमचं-माझं भांडण त्याच गोष्टीवर अडलं होतं, आणि ते अर्धं टाकून तुम्ही गेलात.

तुम्हाला जिवंतपणी अहो-जाहो केलं, तेच चालवते. माणूस मेल्यावर एकाएकी अगं-तुगं करून जवळीक दाखवणाऱ्या बायकांचा मला संशय येतो. कॉलेजातल्या सभेत तुमच्याबद्दल पुष्कळ चांगलं बोलले म्हणे. शिकाऊ पोरीनं मला त्यातलं थोडं सांगितलं. देवता काय, माउली काय. मी तुम्हाला चार-पाच वर्षं बघितलं. तुम्ही हट्टी होता, चहात साखर जास्त घ्यायचा, आणि मनात काय चाललंय ते कुणाला कळू द्यायचा नाही. त्यामुळं मला तुमचा पहिल्यापासून संशय होता. थोडा अजून आहे.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या जीपमधून. आता तुम्हीच सांगा, आम्ही काय समजायचं? जीप बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन देवळाच्या, कोपऱ्यावर दिसली आणि लेकुरवाळ्या बायका मागच्या दारानं उसात गेल्या. आम्ही म्हाताऱ्या तेवढ्या ओसरीवर बसून राहिलो. चंपाक्का शेजारीण म्हणाली, "आमाला काय भ्या हाय? आमची नस बांदून काय करनार? त्यापरास म्हस बांदा म्हनावं, रोज दावं तोडती." जीप तुम्ही आरोग्य खात्याकडून एका दिवसापुरती मागून आणली होती, हे आम्हाला पुढं कळलं. तुम्हाला नसबंदीशी काही देणंघेणं नव्हतं. पण दारावर त्रिकोण काढलेल्या गाडीतून उतरलेल्या बाईनं कितीही गोड बोललं तरी ते कोण खरं धरणार?

बस्तीशेजारच्या पाठशाळेत तुम्ही पलंगपोस बांधून आडोसा केला. आडोशाच्या आत लाकडी बाक, बाहेर तुम्ही सतरंजीवर. एकेकीला बोलावून विचारायचा. वय किती, बाळंतपणं किती, घरी कोण कोण, आणि शेवटी, "काही त्रास होतो का?" प्रत्येक बाई म्हणाली, "न्हाई." मीही म्हणाले. आमच्यात त्रास कशाला म्हणतात? हात मोडला, विहिरीत पाय घसरला, नवरा मारतो, हा त्रास. बाकीचं अंगावर काढायचं असतं, त्याला नाव नसतं. तुम्ही मान खाली घालून लिहीत होता, आणि मला वाटलं, बरं झालं, आता ही बाई "आष्ट्यात सगळ्या ठणठणीत" असं लिहून निघून जाईल.

मग चंपाक्काची पाळी आली. तिला गप्प बसणं ठाऊक नाही.

"घरी कोण कोण असतं?"

"ल्योक, सून, नातवंडं. आन एक पाव्हणी."

"पाहुणी? बरेच दिवस आहे का?"

"धाकटा झाला तवापासनं हाय. आता त्यो धाकटा बाप झाला."

"अहो, मग ती घरातलीच झाली की!"

"कशाची घरातली? मी आडवी झाली की जाती, उटली की दारात हजर."

बायका पदरात तोंड घालून खुसखुसायला लागल्या. तुम्हाला वाटलं, म्हातारी एकटी पडत असेल, कुणी नात्यातली बाई येत-जात असेल. तुम्ही अगदी मायेनं म्हणालात, "बरं मग, उद्या येताना पाहुणीलाही घेऊन या. तिलाही तपासू आपण."

बाई, आम्ही हसलो ते काय सांगू! पाठशाळेचे पत्रे हलले. चंपाक्का तर सतरंजीवर आडवीच झाली आणि म्हणाली, "आता ग्येली बगा पाव्हणी!" हसता हसता अर्ध्याअधिक बायका मांड्या आवळून उठल्या आणि मागच्या भिंतीकडं पळाल्या. हसलं, खोकलं, शिंकलं की लघवी सुटते, मग पळणार नाही तर काय करतील.

तुम्ही चंपाक्काकडं बघितलं. मग पळणाऱ्या बायकांकडं बघितलं. तुमची पेन्सिल थांबली. "आडवं झालं की जाते," तुम्ही स्वतःशीच म्हणालात, "उठलं की येते." आणि तुमच्या तोंडावरचं हसू जे गेलं ते आमचंही घेऊन गेलं.

हे वाचणाऱ्यांत पुरुष असतील, शहरातल्या पोरी असतील, म्हणून उघड सांगते. बाईचं अंग बाहेर येतं. गर्भाची पिशवी सैल होऊन खाली उतरते, कधी कधी बाहेर दिसते. बाळंतपणं लागोपाठ झाली, आणि बाराव्या-तेराव्या दिवशी उसाच्या मोळ्या उचलल्या की होतं असं. आमच्या गल्लीत तिला पाव्हणी म्हणतात. पलीकडच्या गल्लीत काय म्हणतात मला माहीत नाही, कारण तिकडं कुणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बाक बाहेर काढायला लावला. आडोशाच्या आत एक बुटकं स्टूल तेवढं ठेवलं, एक पाय टेकवायला. म्हणालात, "आक्का, उभ्या राहा." मी म्हटलं, "उभ्यानं काय बगनार? म्हस हाय का मी?" तुम्ही म्हणालात, "तुम्हाला आडवं केलं की पाव्हणी निघून जाते. मग मी कुणाला तपासू?"

आणि तुम्ही खाली मांडी घालून बसलात. वाईच्या घाटाजवळच्या घरातली बाई, एवढी शिकलेली, माझ्या पायाशी फरशीवर, हातात बॅटरी आणि मान वाकडी. मी वरून तुमच्या डोक्यावरचे पिकलेले केस बघत होते. मला त्या वेळी तुमची दया आली नाही की उपकार वाटले नाहीत. मला एकच वाटलं, ह्या बाईला ह्यातून काहीतरी मिळत असणार. कुणी फुकट असं खाली बसत नाही.

तसं मी तोंडावर विचारलंही. "ह्यात तुमाला काय मिळतंय?" तुम्ही बॅटरी पुसत म्हणालात, "उत्तर." मी म्हटलं, "कशाचं?" तेव्हा तुम्ही मला समजावून सांगायला बसलात, आणि माझा चहा निवला.

पोटाच्या तळाशी पुढं लघवीची पिशवी, मध्ये गर्भाची, मागं शौचाची वाट. गर्भाची पिशवी चारी बाजूंनी बंधांनी टांगलेली असते, पाळण्यासारखी. मी म्हटलं, "म्हंजे तिगी जावा एका सैपाकघरात." तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की आडोशाबाहेरच्या बायका वाकून बघायला लागल्या. "हो, आणि मधली खाली बसली की पुढचीला आणि मागचीला ओढते." म्हणून अंग बाहेर येणाऱ्या बाईला लघवी धड होत नाही आणि धड थांबतही नाही. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या आईला होतं, सासूला होतं. मला वाटायचं, वयाचं असेल.

तुमचं म्हणणं असं की, पुस्तकातली चित्रं सगळी आडव्या बाईची आहेत, आणि तीही बहुतेक परदेशातल्या. "बाई दिवसभर उभी असते, आक्का. वाकते, उकिडवी बसते, ओझं उचलते. तेव्हा आत काय होतं, कुठला बंध आधी सुटतो, ते मला बघायचंय." त्यासाठी तुम्ही कोयनेकडं जाऊन धरणावर पाट्या वाहिलेल्या बायका बघून आला होता. त्या घाटाच्या रस्त्यानं एस.टी.त उलट्या करत गेलात, असं तुम्हीच सांगितलं. मी मनात म्हटलं, एवढी मरमर माणूस दुसऱ्याच्या दुखण्यासाठी करत नाही. मोठी पदवी मिळणार असेल, नाहीतर विलायतेला जायचं असेल.

एकदा मी तुम्हाला टाकून बोलले. तुम्ही लग्न केलं नव्हतं, मूल नव्हतं. मी म्हटलं, "तुमास्नी बाळतपनातलं काय कळनार?" चंपाक्कानं मला चिमटा काढला. तुम्ही म्हणालात, "काही नाही कळत. म्हणून तर विचारत फिरते." ह्यावर भांडण करायला जागाच राहिली नाही. मला असली उत्तरं आवडत नाहीत.

मग आणीबाणी आली. मास्तरांना नसबंदीच्या केसेस आणायला लावलं, गावातले पुरुष संध्याकाळी मळ्यात झोपायला जायला लागले. त्या दिवसांत तुम्ही जीप सोडून एस.टी.नं यायला लागलात, तरी बायका दार लावून घ्यायच्या. मी तुम्हाला ओसरीवरच अडवलं. "आमची नावं लिवून घेता, ती कुटं जात्यात?" तुम्ही पिशवीतले कागद काढून माझ्यापुढं ठेवले. मी चौथी शिकलेली आहे, मला वाचता येतं. वय होतं, बाळंतपणं होती, नाव कुणाचंच नव्हतं. "नावं लिहितच नाही मी," म्हणालात. "नाव नसलं की कुणाला धरून नेता येत नाही."

त्या दिवशी मी तुम्हाला जेवायला बसवलं. उन्हं उतरायच्या आत, आमच्या पद्धतीनं. तुम्ही विचारलंत, "आमटीत कांदा नाही?" मी म्हटलं, "जैनाच्या घरी आलाय, कांदा वाईला जाऊन खावा." तुम्ही दुसऱ्यांदा भात घेतलात. माझा विश्वास बसला असं समजू नका. भूक लागलेल्या माणसाला वाढायचं असतं, एवढंच.

ऑपरेशनला मी नाही म्हणाले. "पिशवी काडून लोनच्यागत बरनीत घालून ठेवशीला." तुम्ही हसला नाहीत, म्हणजे बरण्या होत्या, हे मी ओळखलं. मग तुम्ही मला रबराची रिंग बसवलीत. पाव्हणीला घरात कोंडणारी कडी, असं चंपाक्का म्हणाली. काही महिन्यांनी ती काढून, धुऊन, उकळून परत बसवायची, नाहीतर जखम होते. ते काम तुमचं. त्या रिंगेनं मला काय झालं ते एका वाक्यात सांगते. मी बस्तीत पूजा संपेपर्यंत बसायला लागले. किती वर्षांनी ते सांगत नाही, कारण मध्येच उठून जाणारी म्हातारी म्हणून लोक मला नावं ठेवायचे आणि मी त्यांना कारण सांगत नव्हते.

आता आपल्या भांडणाकडं येते.

मीच हट्ट धरला होता की तुम्ही आमचं काय ठेवता ते मला दाखवा. तुम्ही मला कॉलेजातल्या त्या लांबट खोलीत नेलंत. औषधाचा वास डोळ्यांत जात होता. कपाटात काचेच्या बरण्या, आणि बरणीत गर्भाच्या पिशव्या. पांढुरक्या, मुठीएवढ्या. ह्याच्यातनं आपण सगळे आलो म्हणायचं. मी बरण्यांवरचे कागद वाचत गेले. आकडे आणि इंग्रजी अक्षरं.

"ही कुनाची?"

"नाव नसतं, आक्का."

"गाव?"

"तेही नसतं."

"जल्मभर ह्याची सून, त्याची आई म्हनून जगली. मेल्यावर तरी बाईचं नाव लिवायचं का न्हाई?"

"तुम्हीच म्हणाला होता, नावं लिहू नका."

"ते जित्तेपनी. मेल्यावर तिला कोन धरून न्हेनार हाय?"

तुम्ही कपाट लावून घेतलंत. मला वाटलं, हे भांडण मी जिंकलं. पण तुम्ही खिडकीपाशी गेलात आणि पाठमोऱ्या बोलायला लागलात. शिकायला टेबलावर येतात ती बेवारशी मढी, आणि ती बहुतेक पुरुषांचीच असतात. बाई रस्त्यावर मेली तरी कुणीतरी नेऊन जाळतं. बरणीतली पिशवी कापून काढलेली, तिचे बंध तिथंच तुटलेले. जिनं आठ बाळंतपणं काढली, मोळ्या उचलल्या, तिच्या आत बंध कसे राहिलेत, कुठं झिजलेत, ते सगळं जागच्या जागी तुम्ही कधी बघितलंच नव्हतं. कुणी बघितलं असेल असंही तुम्हाला वाटत नव्हतं. आणि मग तुम्ही वळून म्हणालात, "आक्का, तुम्ही गेल्यावर मला बघू द्याल?"

माझी आठ बाळंतपणं. हे तुम्ही माझ्याबद्दल बोलत होता हे मला तेव्हा कळलं.

"माज्या मरनावर डोळा ठिवून रिंग बदलत होता व्हय?" मी म्हणाले. आणखीही बोलले, ते छापण्यासारखं नाही. तशीच तरातरा स्टँडवर आले. तुम्ही माझ्यामागं पळत आलात. मला वाटलं, माफी मागायला. तुम्ही माझी विसरलेली छत्री घेऊन आला होता. छत्री दिलीत, धापा टाकत उभ्या राहिलात, आणि म्हणालात, "मी मागणं सोडणार नाही." छत्री देताना असं कुणी म्हणतं का?

पुढच्या खेपेला तुम्ही रिंग बदलायला आलात. मी दार उघडलं, स्टूल मांडलं, पाय टेकवला. तुम्ही खाली बसलात, रिंग काढली, उकळली, निवेपर्यंत भिंतीकडं बघत बसलात, परत बसवली. आपण एक शब्द बोललो नाही. असं भांडण जगात दुसऱ्या कुठल्या दोन बायकांनी केलं नसेल. जाताना तुम्ही बोटानं खूण केली, चहा? मी नाही म्हणून मान हलवली. आणि मग केला.

शेवटच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा चेहरा उतरलेला आणि लुगडं पोटावर उंच बांधलेलं. उठताना तुमचा हात पोटाखाली जायचा. मला न बोलण्याचा कंटाळा आला होता, म्हणून विचारलं.

"बाई, वाळलाय तुमी. पोट तेवडं वर दिसतंय. काय होतंय?"

"त्रास काही नाही, आक्का."

हे मी कुठंतरी ऐकलं होतं. पाठशाळेत, सतरंजीवर, एकेकीच्या तोंडून.

"कुनाला दाखवलंय?"

"मी स्वतः डॉक्टर आहे."

"म्हंजे कुनालाच न्हाई." मी स्टूल पुढं सरकवलं. "उभ्या ऱ्हावा. मी बगते."

तुम्ही हसलात, पण आवाज आला नाही. छत्री उचललीत आणि गेलात. तुमच्या आत गोळा होता, हे मला शिकाऊ पोरीनं आता सांगितलं. सगळ्या जिल्ह्याच्या बायकांना "त्रास आहे का" विचारत फिरलात, आणि स्वतःचं आमच्यासारखं अंगावर काढलंत. कशासाठी? कागद पुरे करायचे होते? की तुम्हालाही कुणापुढं उभं राहायची लाज वाटली? हे मला विचारायचं राहिलं. मला राग ह्याचा आहे. बाकी सगळं चालण्यासारखं आहे.

तर त्या दिवशी जिन्यापाशी मी शिकाऊ पोरीला विचारलं, "बाईंनी आपलं अंग कशाला दिलं?" ती म्हणाली, "बाईंना मूल झालं नव्हतं. त्यांचे बंध शाबूत असणार. ते एक चित्र. म्हणाल्या होत्या, निदान एक तरी चित्र पुरं होऊ दे."

"आन दुसरं?"

तिनं माझ्या पोटाकडं बघितलं. तिला माहीत होतं. तुम्ही तिला सांगून ठेवलं असणार.

बाई, मला संशय आहे की तुम्ही हे मुद्दाम केलंत. तुम्ही मागून मी दिलं नाही, म्हणून आधी स्वतः जाऊन आडव्या झालात, आता शेजारची जागा मोकळी. मरून मला पेचात धरलंत. मी नाही म्हणाले ते चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या पद्धतीनं तुम्ही मागितलंत तशी कुणीही नाहीच म्हणाली असती. पण मी आष्ट्याला आले आणि संध्याकाळी जेवायच्या आधी, म्हणजे उजेड असतानाच, मुलाला बोलावलं. भूपाल म्हणून माझा थोरला, ऊस आणि सोसायटी ह्यापलीकडं फारसं न बघणारा.

"भूपाल, मी मेली की मला सांगलीला न्यायचं."

"दवाखान्यात? मेल्यावर?"

"मेल्यावरच. कॉलेजात द्यायचं."

त्यानं हातातला तांब्या खाली ठेवला. "आई, लोक शेन घालतील तोंडात. मढं तसंच ठिवलं की दोन घटकंत त्यात बारीक जीव पडत्यात. म्हाराज काय सांगत्यात? पाप लागतं."

"म्हाराज हेबी सांगत्यात की देह आपला न्हवं. मग तुजा तरी कसा? आन औषदात बुडिवत्यात तिथं, कसलं बी जीव पडत न्हाईत. मी बगून आलीया."

"पोरं बगत्याल तुला. उगडी."

"बगू द्यात. लाजायला मी थोडीच तिथं असनार हाय."

तो उठून गेला. दोन दिवस गोठ्यातच जेवला. तिसऱ्या दिवशी गोठ्यातून ओरडला, "तुजा तुज्या मनाचा कारभार. पन बामनाच्या बाईनं तुला यड लावलंय." ह्याला आमच्या घरात होकार म्हणतात.

आता माझं ऐका. माझ्या अटी आहेत, आणि त्या मी अशा छापून येतील तिथं लिहिते आहे, कारण छापून आलेलं नाकबूल करता येत नाही. तोंडी सांगितलं तर तुमच्या कॉलेजातले लोक हो हो म्हणतील आणि विसरतील, असा मला संशय आहे. पहिलं, बाईनंच उघडायचं. तुमची शिकाऊ पोरगी चालेल. तिचे हात गार असतात, पण परवा रिंग तिनंच बदलली आणि बरी बदलली. तीही खाली बसली, न सांगता. दुसरं, जे काय बघायचं ते जागच्या जागी बघायचं, तुम्हाला पाहिजे होतं तसं. आणि मग काही बरणीत घातलंच, तर बरणीवर नाव लिहायचं. आकडा नको. पद्माक्का, आष्टा. मराठीत.

तुमच्याही बरणीवर लिहायला मी सांगितलं आहे. ती पोरगी म्हणाली, "बाईंनी नको म्हटलं होतं." मी म्हटलं, "बाईंला इचारतंय कोन आता?" ती पहिल्यांदा हसली. तुमच्यासारखीच हसते, मोठ्यानं.

आत रबराची रिंग सापडेल. ती तुमची आहे.

उद्या येताना पाहुणीलाही घेऊन या, म्हणाला होता. आणते. पण वाट बघत बसू नका, मला घाई नाही.